ट्रॅक्टरच्या विजेचा जमाखर्च



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास आणि राजकारण यांची चर्चा व्हावयाची, तेथे ट्रॅक्टरच्या बॅटरीचे काय काम, असे आजचा फलक वाचून काही मंडळींच्या मनात आले असेल. परंतु या सभागृहात असे कितीतरी श्रोते बसले आहेत, की ज्यांची जमीन गावी आहे, ती धाकटा भाऊ किंवा चुलतभाऊ कसतो आणि दारात वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर उभा आहे. मृगाच्या तोंडावर गावाहून निरोप येतो, "दादा, ट्रॅक्टर सेल्फ घेईना, बॅटरीला पैसे पाठवा." दादा पैसे पाठवितो. नवी बॅटरी बसते, त्या हंगामापुरते काम भागते, आणि पुढल्या मृगाला पुन्हा तोच निरोप! नीट राखलेली बॅटरी चार वर्षे सहज चालावी. ती एका वर्षात मरत असेल, तर दोष बॅटरीचा नाही, घरातील दुसऱ्या कोणाचा तरी आहे. तो कोणाचा, हे शोधण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

जुना ट्रॅक्टर म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे कोणती यंत्रे आहेत ते आधी सांगतो. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसनचा टी. ई. २० हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. अमेरिकेत फोर्डचा ८ एन हा १९४७ ते १९५२ पर्यंत निघत होता. आपल्याकडे १९६०च्या दशकात मुंबईच्या कांदिवलीत महिंद्रांनी इंटरनॅशनल बी-२७५ बांधावयास घेतला, आणि तेव्हाच्या मद्रासेत मॅसी फर्ग्युसन जातीचे ट्रॅक्टर बनू लागले. या सर्वांच्या जन्मकाळी गाडीवर वीज उत्पन्न करण्याचे काम डायनामोकडे असे. आजचा आल्टरनेटर तेव्हा शेतापर्यंत पोचला नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी जुनी अँबॅसडर किंवा फियाट सांभाळली आहे, त्यांना हे कुटुंब परके वाटणार नाही.

बॅटरीवाचून ट्रॅक्टर चालतच नाही असे मात्र समजू नये. जर्मनीचा लान्झ बुलडॉग हा जुना ट्रॅक्टर सुरू करावयाचा, तर इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा स्टोव्हच्या ज्योतीने लाल करीत आणि सुकाणूचे चाक दांड्यासह काढून, ते बाजूला अडकवून इंजिनास हेलकावा देत. १९१२ साली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीवर आला आणि हँडल मारण्याचा त्रास संपू लागला. ट्रॅक्टरपर्यंत ही सोय यावयास बराच काळ गेला. आणि आलेली सोय परतही जाऊ शकते! महायुद्धात रबर आणि बॅटऱ्या यांचा तुटवडा पडला, तेव्हा १९४२ सालचे फोर्डचे २ एन ट्रॅक्टर पोलादी चाके आणि मॅग्नेटो घेऊन, बॅटरी-स्टार्टरवाचून कारखान्याबाहेर पडले. शेतकऱ्याने निमूटपणे हँडल हाती घेतले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ट्रॅक्टरवरील विजेचा व्यवहार हा मध्यमवर्गीय घराच्या जमाखर्चासारखा आहे. डायनामो मिळवितो, बॅटरी साठविते, आणि सेल्फ, दिवे, हॉर्न ही मंडळी उडवितात. यांत सर्वांत उधळ्या म्हणजे सेल्फ. डिझेल इंजिन फिरविताना तो दोनशे अँपियर आणि कधी त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. पण त्याची उधळपट्टी चार-पाच सेकंदांची असते. दोनशे अँपियर पाच सेकंद ओढले, तर एक हजार अँपियर-सेकंद खर्ची पडले. डायनामोने दहा अँपियर दिले तर शंभर सेकंदांत, नुकसानी धरून फार तर तीन मिनिटांत, ते भरून निघावयास हवेत. म्हणजे सकाळी एकदा सेल्फ मारला आणि दिवसभर नांगरट केली, तर बॅटरीचे काही बिघडत नाही. बिघडते ते दिवसातून वीस वेळा सेल्फ मारून पाच-पाच मिनिटे इंजिन मंद चालविल्याने. मंद फिरणाऱ्या डायनामोला कमाई नसते. आल्टरनेटर अगदी हळू वेगातही थोडेफार मिळवितो. डायनामोला वेग चढल्याखेरीज त्याचा व्होल्टेज बॅटरीच्या वर जातच नाही.

येथे कटआउट नावाचा एक गृहस्थ भेटतो. डायनामोचा व्होल्टेज बॅटरीहून कमी असला, तर वीज उलट दिशेने, बॅटरीकडून डायनामोकडे, वाहू लागेल आणि रात्रीतून बॅटरी रिकामी होईल. हे होऊ नये म्हणून मध्ये हा द्वारपाल बसविलेला असतो. बारा व्होल्टांच्या पद्धतीत डायनामोने सुमारे तेरा व्होल्ट गाठले, की तो दार उघडतो. वेग उतरला की लावून घेतो. त्याच डबीत त्याचा भाऊ रेग्युलेटर राहतो. बॅटरी भुकेली असेल तर भरपूर वाढावे आणि पोट भरत आले की हात आखडावा, हे त्याचे काम. सर्वांत जुन्या काही ट्रॅक्टरांवर, उदाहरणार्थ १९३९ सालच्या फोर्ड ९ एनवर, रेग्युलेटर नव्हताच. डायनामोला तिसरा कार्बन ब्रश असे आणि तो हाताने पुढेमागे सरकवून कमाई ठरवावी लागे. असला डायनामो बॅटरी काढून ठेवून कधीही चालवू नये. कमाई टाकावयास जागा न मिळाल्यामुळे त्याचा व्होल्टेज भलताच चढतो आणि तो स्वतःलाच जाळून घेतो.

ड्रायव्हरपुढील ॲमीटरविषयीही एक गैरसमज घरोघर आहे. इंजिन सुरू होताच काटा अधिकाच्या बाजूस चांगला उडी घेतो, आणि अर्ध्या तासाने दोन-तीन अँपियरवर येऊन बसतो. "पाहा, डायनामो दमला," असे म्हणून त्याला उतरविण्याची घाई होते. वास्तविक हे चांगल्या प्रकृतीचे लक्षण आहे. बॅटरी भरत आली, रेग्युलेटरने हात आखडला, काटा खाली आला. चिंता करावी ती काटा दिवसभर वरच राहिला तर. तेव्हा एक तर बॅटरी काही साठवीत नाही किंवा रेग्युलेटर बेभान झाला आहे, आणि बॅटरीतले पाणी उकळून जाणार आहे.

बॅटरी वारंवार बसत असेल, तर तीनच गोष्टी संभवतात. कमाई होत नाही. कमाई होते पण वाटेत गळते. किंवा कमाई आणि साठा दोन्ही ठीक असून तो सेल्फपर्यंत पोचत नाही. आमचा अनुभव असा, की लोक पहिलीचाच संशय घेतात आणि गुन्हेगार बहुधा तिसरी असते.

या तिसऱ्या प्रकाराकडे थोडे निवांत पाहू. आमचे शेजारी वायरमन मंडळी घरात दोन तारा ओढतात, एक नेणारी आणि एक आणणारी. ट्रॅक्टरवर नेणारी तेवढी तार असते; परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरचे लोखंडी अंगच. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने या अंगाला जोडतात, त्याला अर्थ म्हणतात. ही पट्टी बोल्टाखाली घट्ट आणि स्वच्छ लोखंडावर बसली पाहिजे. आता होते काय, की दसरा जवळ येतो, खंडेनवमीला यंत्राची पूजा व्हावयाची म्हणून ट्रॅक्टर धुऊन त्याला रंग देतात. हौसेने दिलेला तो रंग पट्टीखालीही जातो. रंग विजेला अडवितो. पूजा झाल्यावर झेंडूची माळ घातलेला ट्रॅक्टर नुसता 'टक्' असा आवाज करून गप्प राहतो, आणि दोष बॅटरीच्या माथी बसतो. वास्तविक औषध म्हणजे साधा पॉलिश कागद!

याची परीक्षाही सोपी आहे. एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने तेवढ्या वेळात व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थकडील खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरावी. काटा अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला, तर तेवढी वीज परतीच्या वाटेवरच उधळली जात आहे. हाच प्रयोग जिवंत तारेच्या दोन टोकांवर करावा.

हा अर्धा व्होल्ट क्षुल्लक वाटेल. फोर्ड ८ एनसारखे ट्रॅक्टर मुळात सहा व्होल्टांचे होते. त्यांत अर्धा व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा. शिवाय तेवढीच शक्ती मिळविण्यास सहा व्होल्टांत दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून त्याच तारेत व्होल्टाची तूटही दुप्पट होते. थोड्या व्होल्टांतून दुप्पट तूट म्हणजे हिशेबाने चौपट हानी. म्हणूनच सहा व्होल्टांच्या ट्रॅक्टरला अंगठ्याएवढी जाड केबल असे. ती झिजल्यावर बाजारात मिळाली ती मोटारीची बारीक केबल कोणी बसविली, की "सहा व्होल्टात दमच नाही" असा निकाल लागतो. निकाल केबलविरुद्ध लागावयास हवा होता.

जुन्या ट्रॅक्टरचे आणखी एक वैशिष्ट्य नव्या कारागिराला हमखास चकविते. फोर्ड ८ एनमध्ये आणि इंग्लंडच्या त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक अर्थला जोडलेले असे. आज सर्वत्र उणे टोक अर्थला जाते. तेव्हा नवी बॅटरी बसविताना सवयीने टोके उलटी लागतात. दिवे लागतात, सेल्फही फिरतो, कारण त्यांना दिशेचे सोयरसुतक नाही. परंतु डायनामोच्या लोखंडात जी थोडी चुंबकशक्ती शिल्लक असते, तिच्या जोरावर तो कमाईला आरंभ करतो आणि तिची दिशा जुनीच राहिलेली असते. डायनामो एका दिशेने ढकलतो, बॅटरी दुसऱ्या दिशेने. कटआउटच्या टिकल्या ठिणग्या पाडीत जळतात वा चिकटून बसतात. यावर उपाय आहे. ल्यूकस जातीच्या डायनामोला दोन टोके असतात, मोठे डी आणि लहान एफ. इंजिन बंद असताना बॅटरी योग्य रीतीने जोडून एफवरची तार काढावी, आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून आणलेली तार त्या एफला क्षणभर टेकवावी. लहानशी ठिणगी पडते आणि लोखंडाला नवी दिशा मिळते. डायनामो दुरुस्त होऊन आल्यावरही हा संस्कार करावा. फोर्डच्या डायनामोची जोडणी वेगळी असल्यामुळे त्याचा विधी वेगळा आहे. एकाचे मंत्र दुसऱ्याला चालत नाहीत.

डायनामोवर खरोखरच संशय असेल, तर तो उतरविण्यापूर्वी त्याची जागेवरच साक्ष घ्यावी. प्रथम पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबून अर्धा-पाऊण इंच दबला तर ठीक, लोंबत असेल तर तेथेच खटला संपला. मग ल्यूकसच्या डी आणि एफवरच्या दोन्ही तारा काढून ती दोन टोके एका तारेने एकत्र बांधावीत, त्यांत आणि अर्थमध्ये व्होल्टमीटर धरून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. काटा सहजपणे चौदा-पंधरा व्होल्टांकडे चढला, तर डायनामो निर्दोष सुटला. वीसपर्यंत मात्र जाऊ देऊ नये. काटा मुळीच हलला नाही तर कार्बन ब्रश पाहावेत. अर्ध्या-एक व्होल्टावर अडला तर फील्डचे वेटोळे, आणि चार-पाच व्होल्टांवर अडला तर आर्मेचर बिघडले असे धरावे. तालुक्याच्या गावी आर्मेचर पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर पूर्वी स्टँडमागे असत. आता ते कमी होत चालले आहेत. त्यांच्या हातातील कसब कोठल्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही.

आता खुद्द बॅटरीकडे येऊ. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी तयार केली. तिचे मूळ रसायन अजून तेच आहे. वीज खर्च झाली, की दोन्ही पाट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. वीज भरली की ते पुन्हा विरते. परंतु रिकामी बॅटरी तशीच आठवडे पडू दिली, तर या सल्फेटाचे कठीण खडे बनतात आणि मग ते भरणाऱ्या विजेला दाद देत नाहीत. नुसती उभी बॅटरीही हळूहळू आतल्या आत उतरत असते, आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने. वैशाखाचेच पाहा. तेव्हा गावोगाव पत्र्याच्या छपरीखाली नांगरट आटोपलेले ट्रॅक्टर उभे असतात आणि त्यांच्या बॅटऱ्यांत हे खडे बनत असतात. मृगात येणारा निरोप असा वैशाखातच लिहिला जातो.

काय करावे? हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते १.२८०च्या आसपास, अर्ध्या भरलेलीत सुमारे १.२००, आणि १.१२० म्हणजे रिकामी. उष्ण प्रदेशासाठी आम्ल काहीसे पातळ भरीत असल्याने तेथे आकडे थोडे खाली असतात. पाच कप्पे सारखे आणि एकच फार मागे, असे आढळले तर तो कप्पा गेला. पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे पाणी आपल्याला कितीही गोड लागो, त्यातील क्षार बॅटरीला बाधतात. आणि ॲसिड वरून घालून "बॅटरीला ताकद" देण्याचा जो उद्योग काही ठिकाणी चालतो, तो आजाऱ्याला दारू पाजण्यापैकी आहे. बाहेर चार्जिंगला दिल्यास सावकाश भरावयास सांगावे. पंचाहत्तर अँपियर-तासांच्या बॅटरीला सात-आठ अँपियर पुष्कळ झाले. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी स्फोटास पुरतो. तेव्हा चार्जिंगच्या खोलीत बिडी नको.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. पेट्रोलचे जुने इंजिन कॉइलवर ठिणगी पाडीत असे. वीज संपली की ते बंद. डिझेल इंजिनाचे तसे नाही. ते एकदा सुरू झाले, की बॅटरी काढून नेली तरी चालत राहते. यामुळेच डिझेल ट्रॅक्टरच्या बॅटरीची हेळसांड होते. ट्रॅक्टर उतारावर उभा करून ठेवावयाचा आणि सकाळी ढकलून सुरू करावयाचा, ही रीत गावोगाव पडली आहे. उतार नसेल, किंवा चावीपासून सेल्फपर्यंतची वायर कुजली असेल, तर ड्रायव्हर खाली उतरतो, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये उभा राहतो आणि सेल्फच्या दोन खुंट्यांवर स्क्रू-ड्रायव्हर किंवा पान्हा आडवा धरतो. ठिणग्या उडतात, इंजिन फिरते. ट्रॅक्टर त्या वेळी गिअरमध्ये राहिलेला असला, तर डिझेल इंजिन तत्काळ पेट घेते आणि मागचे मोठे चाक त्या माणसाच्या अंगावरून जाते. वर ब्रेक दाबावयास कोणी नसतो. अशा रीतीने देशोदेशी माणसे मेली आहेत आणि अजून मरतात. नवशिक्यांपेक्षा, वीस वर्षे हेच करीत आलेले हात त्यांत अधिक सापडत असावेत असा आमचा तर्क आहे; नवशिक्या निदान भितो.

हॅरी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरवर यावर केवढी सुंदर योजना होती पाहा! टी. ई. २०ला सेल्फचे वेगळे बटणच नाही. गिअरचा दांडा 'एस' या खुणेच्या जागी नेला म्हणजे सेल्फ फिरतो. दांडा एकच, तो एका वेळी एकाच जागी असणार. म्हणजे गिअरमध्ये ट्रॅक्टर सुरू होणे त्या वाटेने अशक्यच. पुढच्या काळात अनेक ट्रॅक्टरांना न्यूट्रलचा स्विच आला. जुन्या यंत्रावर हा स्विच बिघडला, की तो दुरुस्त करण्याऐवजी दोन तारा जोडून त्याला वगळतात. गावी जाल तेव्हा एवढे अवश्य पाहा. गावचा ट्रॅक्टर कोणी खाली उभे राहून सुरू करीत असेल, तर पुढील बॅटरीचे पैसे थांबवून आधी ती वायर आणि तो स्विच यांचे पैसे द्या.

डायनामो काढून आल्टरनेटर बसवावा काय, असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. रोज कामाच्या ट्रॅक्टरला, विशेषतः रात्री दिवे लावून काम असेल तर, जरूर बसवावा. त्यात पाप नाही. मात्र आधी केबल आणि अर्थ नीट करावी, नाहीतर नवी कमाईही जुन्याच गळतीत जाईल. अधिक टोक अर्थला असलेल्या ट्रॅक्टरवर आजचा आल्टरनेटर तसाच जोडला, तर त्यातील डायोड एका क्षणात जळतात. तेव्हा बॅटरीची टोके, ॲमीटरच्या तारा सर्व बदलावे लागते. सहाचे बारा व्होल्ट करताना बल्ब बदलावे लागतात आणि पेट्रोलच्या ट्रॅक्टरवर कॉइलचीही सोय पाहावी लागते. केवळ हौसेने राखलेल्या ट्रॅक्टरवर मात्र डायनामोच शोभतो.

आणि एवढे सारे करूनही वाफशाच्या दिवशी सकाळी सेल्फ गप्प राहिला तर? वाफसा दोन दिवस टिकेल न टिकेल, तेव्हा घाई असणारच. अशा वेळी शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून घ्यावी. पण प्रथम दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट सारखे आहेत ना, आणि कोणाचे कोणते टोक अर्थला आहे, हे पाहावे. एकाचे अधिक आणि दुसऱ्याचे उणे अर्थला असेल, तर दोन्ही ट्रॅक्टर एकमेकांना शिवता कामा नयेत आणि मध्ये लोखंडी साखळीही नको. अधिकास अधिक जोडावे, उण्यास उणे. शेवटचे टोक आपल्या बंद ट्रॅक्टरच्या अर्थच्या बाजूचे असावे आणि ते बॅटरीपासून दूर इंजिनाच्या लोखंडावर लावावे, म्हणजे ठिणगी हायड्रोजनपासून लांब पडते. गिअर न्यूट्रलला आहे हे हाताने हलवून पाहावे, आणि मग वर बैठकीवर बसून सेल्फ मारावा.